बाळाला गाणी ऐकवू नका, बाळासोबत गा: पहिल्या दोन वर्षांत ताल-लय कशी वापरायची

थोरल्याच्या वेळी मी चांगली साडेतीन तासांची प्लेलिस्ट बनवली होती. संतूर, पियानो, बासरी, मध्येमध्ये पावसाचे आवाज. स्पीकर पाळण्यापासून नीट लांब ठेवलेला, आवाज हळू, सगळं एकदम शास्त्रोक्त वगैरे. बाळ छताकडे बघत पडून राहायचं. आणि एक दिवस डायपर बदलताना मी आपलं काहीतरी निरर्थक, सूर नाही ताल नाही असं "टिंग टिंग टिंगाळी" गुणगुणत होतो तर हा पठ्ठ्या हातपाय हलवायचा थांबला आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागला. साडेतीन तासांची मेहनत गेली पाण्यात.

तेव्हापासून याबद्दल मिळेल ते वाचत गेलो, धाकटीच्या वेळी बऱ्याच गोष्टी मुद्दाम करून बघितल्या, त्याचं हे सगळं एकत्र लिहितोय. आधी एक गैरसमज बाजूला काढतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. "मोझार्ट ऐकवलं की बाळ हुशार होतं" हे जे सगळीकडे फिरतं ना, तो मूळ प्रयोग १९९३ चा, आणि तो बाळांवर झालेलाच नव्हता! कॉलेजच्या मुलांवर झाला होता, आणि जो काही फरक दिसला तोही दहा-पंधरा मिनिटं टिकणारा. त्यामुळे बुद्धी वाढवायला संगीत हा विषय सोडूनच द्या. बाळासाठी गाण्याचा खरा उपयोग वेगळाच आहे, गाण्यातून त्याला माणसं कळतात. कोण आपलं, आता पुढे काय होणार, माझ्यानंतर तुझी पाळी, तू हललास की मीही हलते, हे सगळं शब्द यायच्या कितीतरी आधी तालातून कळायला लागतं.

पायरी १: एक गाणं ठरवा (पहिल्या दिवसापासून)

पन्नास गाणी नकोत, एक किंवा दोनच. छोटं, चार ओळींचं, तेच तेच परत येणारं, आणि तुम्हाला अर्धझोपेत रात्री तीन वाजता पण आठवेल असं. स्वतः रचलेलं असेल तर आणखी छान. बेसूर आवाजाची लाज वाटत असेल तर विसरा ती, बाळ परीक्षक नाहीये, तुमचा आवाज त्याने पोटात असतानाच ऐकलेला आहे (गरोदरपणाच्या साधारण शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला बाहेरचे आवाज पोचायला लागतात) आणि जन्मल्यावर लगेचच ते आईचा आवाज अनोळखी बाईच्या आवाजापेक्षा जास्त पसंत करतं, हे १९८० मध्येच दाखवून दिलंय.

ताल पण कळतो बरं का. २००९ मध्ये दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांच्या डोक्याला सेन्सर लावून ड्रमचा ठेका ऐकवला आणि मध्येच समेचा ठोका गाळला, तर मेंदूने लगेच दखल घेतली, की अरे इथे काहीतरी यायला हवं होतं. दोन दिवसांचं बाळ! म्हणजे पुढे काय येणार याचा अंदाज बांधणं ते तेव्हापासूनच करतंय.

हे गाणं एका कामाला बांधून टाका. डायपरचं गाणं, आंघोळीचं गाणं, झोपेचं गाणं. प्रत्येक वेळी तेच. काही आठवड्यांनी बाळाला सुरुवातीच्या दोन सुरांवरूनच कळायला लागतं की आता काय होणार आहे, आणि ज्या माणसासोबत पुढचं कळतं त्या माणसाजवळ बरं वाटतं, मोठ्यांचंही तसंच असतं की.

झोपेच्या गाण्याबद्दल एक. रडणारं बाळ असेल तर नुसतं बसून गाऊ नका, उचला आणि चाला. जपानमधल्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या टीमने २०२२ मध्ये सुचवलेली पद्धत अशी की साधारण पाच मिनिटं न थांबता सपाट जागेत एका लयीत चालायचं, बाळ झोपलं की लगेच खाली ठेवायचं नाही, आणखी पाच ते आठ मिनिटं घेऊन बसायचं, मग ठेवायचं. आमच्याकडे हे दहातल्या सहा वेळा चाललं असेल. बाकी चार वेळा डोळे टक्क उघडे.

पायरी २: समोरासमोर या (साधारण ६ आठवडे ते ६ महिने)

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि हीच लोक गाळतात कारण यात मोबाईल खाली ठेवावा लागतो.

बाळाला मांडीवर आडवं घ्या, तुमचे गुडघे थोडे वर, त्याचं डोकं गुडघ्यांकडे, पाय तुमच्या पोटाकडे. तुमचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर-दीड वीत अंतरावर. लहान बाळाला एवढ्याच अंतरावरचं जरा नीट दिसतं. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडायला हवा, पाठीमागे खिडकी असेल तर त्याला नुसती सावली दिसणार. आता गाणं म्हणा, बोलता त्यापेक्षा संथ, आणि प्रत्येक ठोक्यावर चेहऱ्यावर काहीतरी होऊ द्या, भुवया वर, डोळे मोठे, हसू.

हे मी उगाच नाटकी करायला सांगत नाहीये. २०२२ मध्ये मिरियम लेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळांची नजर कुठे जाते ते मशीनने मोजलं. गाणाऱ्या व्यक्तीच्या डोळ्यांकडे बाळं बघत होती ती गाण्याच्या ठोक्यावर जास्त, दोन महिन्यांची बाळंसुद्धा, आणि सहा महिन्यांच्या बाळांमध्ये हे आणखी पक्कं झालेलं. गाणारी माणसं पण नकळत ठोक्यावरच डोळे मोठे करतात आणि पापण्या कमी मिटतात. म्हणजे बघा, ताल हा एक प्रकारे खुणेचा इशारा झाला, "आत्ता माझ्याकडे बघ, आत्ता काहीतरी सांगतोय". आणि तालात गोंधळ केला की हे जुळणं बिघडत होतं. त्यामुळे सुरांत चुकलात तर चालेल, ठेका मात्र सांभाळा.

किती वेळ? दोन-तीन मिनिटं. बाळ नजर फिरवतं, जांभई देतं, उचकी लागते, पाठ ताठ करतं, मूठ तोंडात घालून दुसरीकडे बघतं, याचा अर्थ "पुरे" किंवा "जरा थांब". थांबा. त्याच्या नजरेसमोर परत परत तोंड नेऊन गात राहू नका, मी हे केलंय, आणि मग ते रडलं की "याला गाणं आवडत नाही" असा निष्कर्ष पण काढलाय. गाणं आवडत होतं, माझं मागे लागणं आवडत नव्हतं. बऱ्याचदा दहा-वीस सेकंदांनी ते स्वतःच परत बघतं. तेव्हा पुढची ओळ.

पायरी ३: ताल अंगातून द्या (मान धरल्यावर)

तोपर्यंत थोपटणं, पायांना हळूच ठोका देणं, पोटाशी धरून डोलणं एवढंच. बाळाने मान नीट धरली की मांडीवर बसवून उडवायला हरकत नाही. उडवायचं म्हणजे काय, तर बूड मांडीवरून जेमतेम सुटेल एवढंच, दोन्ही हात काखेखाली, आणि डोकं मागे-पुढे हिसकत नाहीये ना हे बघत. हवेत फेकणं, जोरात हलवणं अजिबात नाही, कुठल्याही वयात नाही. जोरात हलवल्याने बाळाच्या मेंदूला गंभीर इजा होते, हे इथे स्पष्टच लिहितो. आणि रडणं असह्य होऊन तुमचाच संयम सुटतोय असं वाटलं तर बाळाला पाळण्यासारख्या सुरक्षित जागी उताणं झोपवा आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा.

अंगातून ताल का द्यायचा, तर ऐकणं आणि हलणं बाळासाठी वेगळं नसतंच. २००५ च्या एका प्रयोगात सात महिन्यांच्या बाळांना सगळ्यांना एकच ठेका ऐकवला, कुठलाही ठोका जोरकस नसलेला. काहींना दर दुसऱ्या ठोक्यावर उडवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर ज्यांना दोनवर उडवलं होतं त्यांना दोन-दोनचा ताल जास्त वेळ ऐकावासा वाटला, आणि दुसऱ्यांना तीन-तीनचा. ठेका तोच होता, फरक फक्त अंगाने काय अनुभवलं त्याचा. दुसऱ्याला उडताना नुसतं बघून हे होत नव्हतं. पाळण्याला लावलेलं वाजणारं झुंबर इथेच कमी पडतं, ते हलतं, बाळ नाही हलत.

आठवडाभर दोन-दोनच्या चालीत उडवा, मग कधी तीन-तीनच्या (दादरा आठवा, धा धिं ना). वेगवेगळे ताल कानावर पडलेले चांगले, कारण सहा महिन्यांची बाळं अनोळखी, वेड्यावाकड्या मात्रांच्या तालातली चूकसुद्धा पकडतात आणि वर्षाची होईपर्यंत फक्त घरात ऐकलेल्या तालांची सवय पक्की होते.

पायरी ४: जागा सोडा (५-६ महिन्यांपासून)

गाणं बाळाला पाठ झालंय असं वाटलं की शेवटच्या शब्दाआधी थांबा. श्वास आत, भुवया वर, तोंड अर्धवट उघडं... आणि थांबा. एक, दोन, तीन, कधीकधी पाच सेकंद. बाळ हुंकार देईल, पाय आपटेल, तुमच्या तोंडाला हात लावेल, नुसतंच श्वास रोखून बघेल. जे काही करेल ते उत्तर समजा आणि लगेच शब्द पूर्ण करा, मोठ्या आनंदाने.

यात होतं काय, की बाळाला पहिल्यांदा कळतं आपण काही केलं की समोरचा माणूस हलतो. संवादात पाळीपाळीने बोलायचं असतं त्याची ही पहिली शिकवणी. पाच सेकंद थांबणं मोठ्यांना फार जड जातं हे मान्य, आपण मध्येच "बोल ना बोल ना" करतो. नको. गप्प राहायचं. आणि थांबायची जागा दरवेळी तीच ठेवा, ती पक्की झाली की मग एखाद्या दिवशी मुद्दाम दुसरीकडे थांबून बघा, चेहऱ्यावर जे आश्चर्य येतं ते बघण्यासारखं असतं.

पायरी ५: आता त्याच्या मागे जा (६-७ महिन्यांनंतर)

बाळ चमचा आपटायला लागलं की सगळ्यांचा पहिला विचार आवाज बंद कसा करायचा. तसं न करता तुम्हीपण एक चमचा घ्या. त्याने तीन आपटले, थांबला, तुम्ही तीन आपटा, थांबा. तो बघेल. परत आपटेल. आता तो लीडर आणि तुम्ही साथीला.

बाळाने तुमच्या तालात आपटावं ही अपेक्षा ठेवू नका, ते जमत नाही या वयात. २०१० मध्ये पाच महिने ते दोन वर्षांच्या १२० बाळांना संगीत आणि बोलणं ऐकवून बघितलं, बोलण्यापेक्षा संगीतावर ती कितीतरी जास्त हलत होती, गाणं जलद झालं की हलणंही थोडं जलद होत होतं, पण ठोक्यावर नेमकं पडत नव्हतं. मात्र ज्यांचं हलणं तालाशी जास्त जुळत होतं ती बाळं हसतही जास्त होती. जुळवायचं काम तुमचं, मजा दोघांची.

वाजवायला घरातलं काहीही चालतं, रिकामा डबा, लाकडी चमचा, झाकण. घट्ट बंद बाटलीत दाणे घालून खुळखुळा करणार असाल तर झाकण चिकटवून टाका आणि तरीही समोर बसा. सुमारे सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा लहान तुकडा घशात अडकू शकतो.

पायरी ६: घरातल्या बाकीच्यांना गाणं शिकवा

साधारण आठव्या-नवव्या महिन्यात बाळ अनोळखी माणसाला बघून रडायला लागतं, आणि आजी-आजोबा, मावशी, सांभाळणारी ताई सगळे "आम्हाला ओळखत नाही का गं" करत बसतात. इथे गाणं फार कामाला येतं.

दोन प्रयोग सांगतो. पहिला हार्वर्डमधला, सॅम्युअल मेहर आणि एलिझाबेथ स्पेल्की यांच्या टीमचा, २०१६. आईबाबांनी पाच महिन्यांच्या बाळाला घरी एक-दोन आठवडे एक नवीन गाणं गाऊन दाखवलं. नंतर दोन अनोळखी माणसं, एक तेच गाणं म्हणणारं, दुसरं वेगळं. बाळं नंतर ओळखीचं गाणं म्हणणाऱ्याकडे जास्त वेळ बघत राहिली. पण तेच गाणं जेव्हा वाजणाऱ्या खेळण्यातून ऐकवलं होतं, किंवा आधी प्रत्यक्ष भेटून मग व्हिडीओ कॉलवर गाणाऱ्या एका पाहुण्या माणसाकडून, तेव्हा असा कल दिसला नाही. पाहुण्याचं गाणं तर बाळांना आठ महिन्यांनीही आठवत होतं! नुसतं आठवणं वेगळं आणि "हे आपल्या माणसांचं गाणं" वाटणं वेगळं.

दुसरा माझा सगळ्यात आवडता. कॅनडातली मॅकमास्टर युनिव्हर्सिटी, लॉरा सिरेली आणि लॉरेल ट्रेनर, २०१४. चौदा महिन्यांच्या बाळांना एका सहायकाने कॅरियरमध्ये घेऊन गाण्यावर उडवलं, समोर एक अनोळखी बाई, ती काही बाळांसोबत त्याच तालात उडत होती, काहींसोबत ताल सोडून. गाणं अडीच मिनिटांपेक्षाही कमी. मग त्या बाईने "चुकून" चिमटे, मार्कर असल्या वस्तू खाली पाडल्या आणि हात पुढे करून उचलायचा प्रयत्न केला. ज्या बाळांसोबत ती तालात उडली होती त्यांनी जास्त वेळा वस्तू उचलून दिल्या. म्हणजे ती वर असताना बाळ खाली असलं तरी चालत होतं, वेग एक असला की झालं. पुढच्या प्रयोगात दिसलं की ही मदत त्याच बाईला होते, बाजूला बसलेल्या तिसऱ्या तटस्थ माणसाला नाही.

तर करायचं असं. नवीन माणूस आला की बाळ त्याच्या हातात लगेच देऊ नका. तुम्ही बाळाला कडेवर घ्या, ओळखीचं गाणं सुरू करा, आणि त्या माणसाला समोर दोन-तीन फुटांवर उभं करून त्याच वेगाने डोलायला सांगा, शक्य तर गायलाही. एक-दोन गाणी झाली की तो एखादी वस्तू पुढे करेल, बाळ घेईल किंवा नाही घेणार. घेतलं तर पुढे, नाही तर अजून एक गाणं. पाळणाघरात सोडणार असाल तर पहिल्या दिवसाच्या आठवडाभर आधी तिथल्या ताईंना घरचं झोपेचं गाणं शिकवा. मी शिकवलं होतं, त्यांनी हसून घेतलं, पण म्हटलं.

लांब राहणाऱ्या आजीआजोबांनी व्हिडीओ कॉलवर गाणं म्हणू नये असं नाही, जरूर म्हणावं. फक्त तुम्ही बाळाला मांडीवर घेऊन तेच गाणं सोबत म्हणा, आजी स्क्रीनवर आणि ताल तुमच्या मांडीवर.

पायरी ७: रडू येण्याआधी गा

बाळ खूप रडायला लागल्यावर आपण गाणं सुरू करतो, तोवर उशीर झालेला असतो. २०१५-१६ च्या सुमारास माँट्रियलमध्ये वर्षाच्या आतल्या बाळांवर झालेल्या एका कामात दिसलं की अनोळखी भाषेतलं गाणं ऐकताना बाळं सरासरी नऊएक मिनिटं शांत राहिली, बोलणं ऐकताना त्याच्या निम्मंच. म्हणजे गाणं हे रडं पुढे ढकलायला भारी आहे. कपडे घालताना, गाडीत, दूध गरम होईपर्यंत, आधीच सुरू करा. आणि रडं सुरू झालंच तर आधी त्याच्या रडण्याच्या जोराएवढं जरा जोरकस, जलद गा आणि मग हळूहळू लय उतरवा. एकदम संथ अंगाई सुरू केली तर ती त्याला ऐकूच जात नाही.

पायरी ८: वर्षानंतर

उभं राहायला लागलं की थांबा-चला चा खेळ. गाणं चालू तर नाच, थांबलं की पुतळा. पुतळा व्हायला दीड-दोन वर्षांच्या पोराला जमत नाहीच, पण थांबल्यावर तुमच्याकडे बघून हसणं म्हणजेच खेळ कळला. दुसरं मूल असेल तर एकच डबा मध्ये ठेवून दोघांनी वाजवायचा, भांडणं होतील, होऊ द्या थोडी. चार वर्षांच्या मुलांवरच्या कामात एकत्र गाऊन-वाजवून खेळलेल्या जोड्या नंतर एकमेकांना जास्त मदत करताना दिसल्या आहेत, पण ते वय अजून लांब आहे.

म्युझिक क्लास लावायचा का असं बरेच विचारतात. लावायचाच असेल तर एकच गोष्ट बघा, तिथे पालक गातात-वाजवतात की बसून बघतात. सहा महिन्यांच्या बाळांच्या एका अभ्यासात पालकांसोबत गाण्या-वाजवण्याच्या क्लासमधली बाळं सहा महिन्यांनी जास्त हातवारे करून सांगायला लागली आणि कमी चिडचिडी होती. मागे संगीत लावून खेळणी खेळण्याच्या वर्गातली तेवढी नाही. क्लास नाही लावला तरी काही अडत नाही.

काही गोष्टी टाळा, काही तपासा

दिवसभर मागे टीव्ही किंवा गाणी चालू ठेवू नका, त्यात तुमचा आवाज हरवतो. झोपेसाठी व्हाईट नॉईजचं (एकसुरी "श्श्श" असा आवाज करणारं) मशीन असेल तर पाळण्यापासून किमान दोन मीटर लांब आणि आवाज कमीत कमी, काही मशीन्स फुल आवाजात जवळून ८५ डेसिबलच्या वर जातात. "बाळगीतं" लावलेला मोबाईल समोर धरणं म्हणजे गाणं नव्हे, जागतिक आरोग्य संघटना तर वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच म्हणते.

बाळ मोठ्या आवाजाला दचकत नसेल, सहाएक महिन्यांनीही आवाजाच्या दिशेने मान वळवत नसेल तर वाट न बघता श्रवणाची तपासणी करून घ्या. ऐकू कमी येणाऱ्या बाळालाही वरच्या जवळपास सगळ्या पायऱ्या लागू आहेत, थोपटणं, डोलणं, हातांच्या खुणांचा ठेका, चेहरा. त्याचा गाल तुमच्या छातीला टेकवून गा, कंप पोचतो. आणि आईचं स्वतःचं मन खूप खचलेलं असेल, गावंसंच वाटत नसेल आठवडेच्या आठवडे, तर ते डॉक्टरांना सांगा, तोवर गाणं दुसऱ्या कुणी म्हणावं.

दीड वर्षाच्या आसपास एक दिवस तुम्ही नेहमीचं गाणं सुरू कराल आणि बाळ तुमच्या तोंडावर हात ठेवेल. आमच्या धाकटीने ठेवला, आणि वर "नई" म्हणाली. मी गप्प. मग तिने चिंध्या झालेल्या बाहुलीला मांडीवर आडवं घेतलं, बाहुलीच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि "टिं टिं" करून थांबली, भुवया वर करून.